महाबली नायक कसा घडतो?

अमेरिकेत न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘अमेझिंग फँटसी’ नावाच्या चित्रकथांच्या नियतकालिकाचा पंधरावा अंक हा त्याचा अखेरचा अंक ठरला. त्यावर ऑगस्ट १९६२ असा महिना छापलेला होता. मावळत्या नियतकालिकात काय छापले जाते, ह्याची फारशी चिंता कोणी करीत नाही. त्यामुळेच की काय, लेखक व संपादक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको ह्यांना त्या अंकात एक नवीन प्रयोग करता आला. त्यांची कथा अवघी अकरा पानांची होती आणि तिच्या नायकाचे नाव होते स्पायडर-मॅन, म्हणजे कोळी-मानव.

प्रकाशक मार्टिन गुडमन ह्यांना ही कल्पना मुळीच पसंत नव्हती, असे ली ह्यांनी पुढे अनेकदा सांगितले. कोळी हा लोकांच्या किळसेचा विषय. त्याचे नाव नायकाला कसे द्यावे? शिवाय हा नायक शाळेत जाणारा मुलगा. मुलाने फार तर नायकाचा मदतनीस व्हावे. आणि नायक म्हटला की त्याला पैशाची चणचण, लाजाळूपणा, घरातील आजारपण असल्या अडचणी असून कसे चालेल? हे आक्षेप खुळेपणाचे नव्हते. तोपर्यंतचा शिरस्ताच तसा होता. अलौकिक बळ, डोळ्यांत भरणारा वेश, खरे नाव झाकणारे टोपणनाव आणि दुर्जनांचे पारिपत्य करण्याचे व्रत, एवढी सामग्री जमली की महाबली नायक तयार होई. इंग्रजीत अशा नायकास सुपरहिरो म्हणतात. त्याला स्वभाव असावा, आणि तोही चुकणाऱ्या माणसाचा असावा, ही अपेक्षा सहसा कोणी करीत नसे.

ह्या अकरा पानांत काय घडते, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे.

पीटर पार्कर हा न्यूयॉर्कमधील एका शाळेतील हुशार विद्यार्थी. आईबाप नाहीत, बेन काका आणि मे काकू ह्यांनी त्याला पोटच्या मुलासारखे वाढविले आहे. काका त्याला सूक्ष्मदर्शक यंत्र भेट देतात, काकू त्याच्या आवडीचा नाश्ता करून वाढते. घराबाहेर मात्र त्याला कोणी विचारीत नाही. वर्गातील मुले-मुली त्याच्या पुस्तकी वेडाची टर उडवितात, आणि तो विज्ञानाच्या प्रदर्शनाला चला म्हणून आग्रह करू लागला, तर त्याला रस्त्यात एकटा सोडून निघून जातात. तो एकटाच प्रदर्शनाला जातो. तेथे किरणोत्सर्गाचा प्रयोग चालू असताना एक कोळी त्या किरणांच्या झोतातून खाली उतरतो आणि मरता मरता पीटरच्या हाताला चावतो. थोड्याच वेळात पीटरला कळून येते की आपण भिंतीवर सहज चढू शकतो आणि लोखंडी नळी मुठीत चुरगळू शकतो.

येथवर ही कथा इतर पन्नास कथांसारखीच आहे. निराळेपण ह्यानंतर सुरू होते. हे बळ हाती येताच पीटरला जगाचे कल्याण सुचत नाही. त्याला पैसे सुचतात. एका पहिलवानासमोर आखाड्यात तीन मिनिटे टिकून राहणाऱ्यास शंभर डॉलर मिळतील, अशी जाहिरात त्याच्या दृष्टीस पडते आणि तो तेथे जातो. जाताना तोंडावर मुखवटा चढवितो. मुखवटा कशासाठी? गुप्तपणे सज्जनांचे रक्षण करता यावे म्हणून नव्हे. आपण हरलो, तर लोक आपल्याला हसतील आणि ते आपल्याला सहन व्हावयाचे नाही, म्हणून! ज्या मुखवट्याने पुढे तो जगभर ओळखला गेला, त्याचा उगम एका मुलाच्या लाजेत आहे. ली आणि डिटको ह्यांनी ही गोष्ट मोठ्या गाजावाजाने सांगितलेली नाही. ती एका चौकटीत येते आणि जाते. परंतु वर्गात कधी तरी हसे झालेल्या वाचकाला ती चौकट लगेच ओळखीची वाटते.

पीटर कुस्ती जिंकतो, दूरदर्शनच्या कार्यक्रमात चमकतो. वेश तो स्वतःच शिवतो, मनगटावरून जाळे फेकण्याचे यंत्र स्वतःच्या बुद्धीने बनवितो. ज्यांनी आपली थट्टा केली, त्या जगाचे आपण काही देणे लागत नाही, प्रेम करावयाचे ते फक्त काका-काकूंवर, असे तो मनाशी ठरवून टाकतो. अशाच एका कार्यक्रमानंतर तो मागच्या बोळात उभा असताना एक चोर त्याच्या अंगावरून धावत जातो. मागून पोलीस ओरडत येत आहे. पीटरने नुसता पाय आडवा घातला असता, तरी चोर सापडला असता. तो जागचा हलत नाही. चोर लिफ्टमध्ये शिरून निसटतो. पोलीस संतापून जाब विचारतो, तेव्हा, हे काम आपले नव्हे, अशा अर्थाचे उत्तर देऊन पीटर चालू लागतो.

काही दिवसांनी तो घरी येतो, तो दारात पोलीस उभे असतात. घरात शिरलेल्या चोरट्याने बेन काकांचा खून केलेला आहे आणि तो चोरटा धक्क्याजवळच्या एका जुन्या वखारीत लपलेला आहे. पीटर वेश चढवून तेथे जातो, त्याला पकडतो, आणि त्याचा चेहरा उजेडात येताच थिजून जातो. तो बोळातून पळालेला चोर हाच. स्पायडर-मॅन त्याला पोलिसांच्या हवाली करतो. शेवटच्या चौकटीत एक लहानशी आकृती रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्याने पाठमोरी निघून जाताना दिसते.

आता विचार असा करावा, की ह्या कथेत नायकाचा जन्म नेमका कोठे झाला. घाईने वाचणारा म्हणेल, कोळी चावला तेथे. तथापि हे उत्तर तपासून पाहण्याची एक सोपी रीत आहे. कोळ्याच्या जागी दुसरे काहीही ठेवून पाहावे: वीज, औषध, ताऱ्यांवरून आलेला दगड. कथा फारशी बिघडत नाही. उलट, कोळी तसाच ठेवून बोळातील चोराचा प्रसंग तेवढा काढून टाकावा. मग उरतो तो भिंतीवर चढणारा एक श्रीमंत कुस्तीगीर! कोळ्याच्या दंशाने बळ कोठून आले, एवढे कळते. ते बळ तो दुसऱ्यांसाठी का झिजवितो, हे केवळ बोळातील प्रसंगाने कळते. नायकाची उगमकथा रचताना बहुतेकांची सारी हौस बळाच्या चमत्कारावर खर्च होते आणि कारणाचा प्रश्न तसाच राहून जातो.

दुसरी एक गोष्ट ह्या कथेचे पुष्कळ चाहतेही विसरतात. शक्तीबरोबर जबाबदारी येते, हा विचार आता स्पायडर-मॅनच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे आणि २००२ सालच्या चित्रपटात तो बेन काकांच्या तोंडी उपदेश म्हणून आला आहे. १९६२ सालच्या मूळ कथेत काका असे काहीच बोलत नाहीत. ते शब्द शेवटच्या चौकटीत लेखकाच्या निवेदनात येतात. पीटरला आधी कोणी बजावलेले नव्हते. त्याने कोणाची आज्ञा मोडली, असे नाही. त्याला जे कळले, ते काकांच्या मृत्यूनंतर कळले आणि स्वतःचे स्वतःलाच कळले. मूळची रचनाच अधिक कठोर आहे, आणि अधिक खरीही.

ह्या प्रकारच्या नायकांत ज्याला आद्य समजतात, त्या सुपरमॅनकडे वळले तर दोषाचा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. सुपरमॅन निर्माण केला तो क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर ह्या दोन तरुणांनी. एक लिहीत असे, दुसरा चित्रे काढीत असे. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, चष्मा लावणारे, बुजरे. त्यांनी जानेवारी १९३३ मध्ये आपल्या हातछपाईच्या मासिकात ह्याच नावाची एक कथा छापली होती. तीतला ‘सुपरमॅन’ नायक नव्हता, खलनायक होता! मंदीच्या दिवसांत फुकट पावाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका भणंग माणसाला एक शास्त्रज्ञ उचलून नेतो आणि त्याच्यावर आपल्या रसायनाचा प्रयोग करतो. त्या माणसाला इतरांच्या मनातील विचार वाचता येऊ लागतात. तो शास्त्रज्ञालाच ठार करतो आणि जग जिंकण्याची स्वप्ने पाहतो. पण रसायनाचा प्रभाव ओसरतो आणि तो पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभा राहतो.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९३२ साली, सीगलचे वडील आपल्या कपड्यांच्या दुकानात चोरीचा प्रकार घडत असताना हृदय बंद पडून वारले होते. गोळ्यांना न जुमानणारा आणि दुबळ्यांच्या मदतीला धावणारा पुढचा सुपरमॅन ह्या दुःखातून जन्मला असावा, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तो तर्कच आहे, एवढे लक्षात ठेवावे. मात्र इतके निश्चित की पुढे ह्या दोघांनी तेच नाव एका सज्जनाला दिले, आणि जून १९३८ हा महिना छापलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो सज्जन अवतरला. त्याचे सारे हक्क त्यांनी १३० डॉलरना विकून टाकले होते. पुढे त्याच हक्कांसाठी त्यांना कज्जे करावे लागले, ती कथा वेगळीच आहे.

हा पहिला सुपरमॅन आजच्या मानाने मर्यादित होता. त्याला उडता येत नसे. तो एका उडीत सुमारे दोनशे मीटर अंतर तोडीत असे, एवढेच. पुढील लेखकांनी त्याला उडावयास लावले, त्याच्या नजरेला भिंती भेदावयास लावल्या, आणि मग सगळ्यांपुढे एक पेच उभा राहिला: ज्याला काहीच अशक्य नाही, त्याची काळजी वाचकाने का करावी? ह्या पेचावर एक तोडगा निघाला. १९४३ साली रेडिओवरील मालिकेत आणि १९४९ साली चित्रकथेत क्रिप्टोनाइट नावाचा पदार्थ आला. सुपरमॅनच्या नष्ट झालेल्या मूळ ग्रहाचे हे तुकडे जवळ आले की त्याचे बळ सरते.

तोडगा सोयीचा होता, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. क्रिप्टोनाइट हे सुपरमॅनचे मर्मस्थान आहे, त्याचा स्वभावदोष नव्हे. मर्मस्थान शत्रूला ठाऊक असले म्हणजे लढाई चुरशीची होते. स्वभावदोष हा नायकाच्या निर्णयात दिसतो, आणि शत्रू जवळपास नसतानाही तो आपले काम करीत असतो. दुर्योधनाची मांडी हे त्याचे मर्मस्थान होते. पांडवांचे वैभव न पाहवणे हा त्याचा दोष होता. महाभारत घडले ते दुसऱ्यामुळे. सुपरमॅनच्या कथेत खरी हृद्य गोष्ट क्रिप्टोनाइट नाहीच. ज्याला पर्वत हलविता येतो, तो दिवसभर क्लार्क केंट ह्या नावाने वर्तमानपत्राच्या कचेरीत भित्रा व वेंधळा म्हणून वावरतो आणि त्याला आवडणारी लोइस लेन त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आपले खरे मोल कोणाला कळत नाही, हे शल्य सीगल आणि शुस्टर ह्यांना चांगले परिचयाचे होते.

बॅटमॅनच्या बाबतीत उगमकथा मागाहून आली. बॉब केन आणि बिल फिंगर ह्यांचा हा नायक मे १९३९ च्या अंकात प्रथम दिसला; तो असे का करतो, ते सहा महिन्यांनी, नोव्हेंबरच्या अंकात, दोन पानांत सांगण्यात आले. ब्रूस वेन हा धनिकाचा मुलगा. चित्रपट पाहून परतताना रस्त्यात एका लुटारूने त्याच्या डोळ्यांदेखत आईबापांना ठार केले, आणि त्या मुलाने गुन्हेगारांशी आयुष्यभर झुंजण्याची शपथ घेतली. अलौकिक बळ त्याच्यापाशी काहीच नाही. आहे तो व्यायाम, अभ्यास, पैसा आणि न विझणारा शोक. १९४८ सालच्या एका कथेत त्याला आईबापांचा मारेकरी सापडतो. बॅटमॅन मुखवटा काढून आपण कोण हे त्याला सांगतो. तो घाबरून आपल्या साथीदारांकडे धावतो आणि, ह्या बॅटमॅनला जन्माला घालणारा आपणच, असे सांगून बसतो. ज्यांचे धंदे बॅटमॅनने बुडविले, ते साथीदार हे ऐकताच त्याला गोळ्या घालतात. इतकी चोख कल्पना ह्या जातीच्या कथांत क्वचितच आढळते.

मराठी वाचकांच्या ओळखीचा अशा प्रकारचा नायक म्हणजे वेताळ. ली फॉक ह्यांचा फँटम १९३६ साली, म्हणजे सुपरमॅनच्याही आधी दोन वर्षे, अमेरिकेतील वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होऊ लागला. १९६४ साली मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू झाली आणि तिच्या मराठी अंकांतून तो वेताळ ह्या नावाने घरोघरी पोहोचला. माला १९९० साली बंद पडली, तरी त्या काळच्या वाचकांना कवटीच्या गुहेची वाट अजून आठवते. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून दुष्टांचा नाश करण्याची शपथ घेतो. पुढे त्याचा मुलगा, मग नातू, असे एकामागून एक तोच वेश धारण करतात आणि जंगलातील लोकांना वाटते की वेताळ अमर आहे. वेताळ स्वतः चुकताना फारसा दिसत नाही आणि त्या मानाने त्याचा स्वभाव सपाट आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याला जिवंतपणा येतो तो एका गुपितामुळे: तो अमर नाही, हे त्याला स्वतःला पक्के ठाऊक आहे. आपल्या वडिलांचे दफन त्याने केलेले आहे. ह्याच मालेत १९७६ साली आबिद सुरती ह्यांचा ‘बहादूर’ आला. तो डाकूंशी लढणारा, आणि स्वतः एका डाकूचाच मुलगा. ह्या एका ओळीत केवढी कथा दडलेली आहे!

इतक्या अनाथ नायकांची गाठ पडल्यावर कोणासही वाटेल की आईबापांना मारल्यावाचून महाबली नायक घडतच नाही. पुष्कळ नवशिक्या लेखकांचा तसा समज असतो. वहीत नायकाचे चित्र काढून झाले की पहिल्या पानावर ते त्याच्या सगळ्या घराला आग लावून मोकळे होतात. दुःख हे उगमकथेचे सर्वांत सोपे साधन आहे, आणि सोपे असल्यामुळेच ते लवकर बोथट होते. नायकाला दोष चिकटविण्याचीही अशीच एक सोपी रीत आहे. त्याला रागीट म्हणावे, विसराळू म्हणावे, आणि पुढे त्या रागाने वा विसरण्याने कोणाचे काहीच बिघडू नये! असा दोष शर्टाला लावलेल्या बिल्ल्यासारखा असतो. केव्हाही काढून ठेवता येतो. पीटरच्या आत्मकेंद्रितपणाची किंमत त्याच्या काकांनी मोजली, म्हणून तो दोष खरा.

अनाथ न करताही नायक घडविता येतो, हे कमला खान हिच्या कथेने दाखवून दिले. सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार एड्रियन अल्फोना इत्यादींनी निर्माण केलेली ही नायिका फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘मिस मार्व्हल’ ह्या स्वतःच्या चित्रकथेत अवतरली. ती न्यूयॉर्कच्या नदीपलीकडील जर्सी सिटीत राहणारी सोळा वर्षांची मुलगी. तिचे कुटुंब पाकिस्तानातून आलेले व मुसलमान. आई, वडील, भाऊ सगळे सुखरूप आहेत आणि सगळे तिच्यावर लक्ष ठेवून आहेत! तिचे दुःख लहानसे आणि घरगुती आहे. तिचा डबा, तिचे सण, तिच्या घरचे नियम इतर मुलींहून वेगळे. आणि तिला इतरांसारखे व्हावयाचे आहे. परवानगी नसताना ती रात्री मेजवानीला जाते. तेथे तिची थट्टा होते, परतताना ती विलक्षण धुक्यात सापडते आणि त्या धुक्यात, आपण आपल्या आवडत्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या नायिकेसारखे सुंदर व बलवान व्हावे, अशी इच्छा करते. इच्छा तंतोतंत पुरी होते. तिला रूप बदलण्याची शक्ती मिळते आणि ती खरोखरच त्या सोनेरी केसांच्या नायिकेच्या रूपात उभी राहते.

पुढच्याच अंकात तिला कळते की ते केस सारखे तोंडावर येतात, तो वेश अंगाला काचतो, आणि आरशातला चेहरा आपला नाही. तिला टोचून बोलणारी मुलगी पाण्यात पडते, तेव्हा कमला आपला हात राक्षसासारखा मोठा करून तिला वर काढते. पण लोक धन्यवाद देतात ते कमलाला नव्हे, त्या सोनेरी केसांच्या अनोळखी बाईला. येथे शक्ती आणि दोष ह्या दोन वेगळ्या वस्तू राहिलेल्याच नाहीत. जिला दुसरे कोणीतरी व्हावयाचे आहे, तिला नेमके तेच बळ देण्यात आले आहे. प्रत्येक वेळी ते वापरताना, आपण आपल्याच रूपात राहावे की नाही, हा प्रश्न तिला स्वतःला विचारावा लागतो. ह्याहून नेटकी जोडणी क्वचितच साधते.

उगमकथा एकदा सांगून झाली की ती संपली, असेही नाही. खरी कसोटी पुढे असते. पीटर पार्करची कथा लोकांना आवडल्याचे दिसून आले आणि मार्च १९६३ च्या अंकापासून त्याचे स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले. त्यात पहिल्याच अंकात त्याला कार्यक्रमाचा धनादेश मिळतो, पण ‘स्पायडर-मॅन’ ह्या नावाने बँकेत खाते नसल्यामुळे तो वटत नाही! घरभाडे देण्यासाठी मे काकू दागिने गहाण टाकते. पैशासाठी तो आपली छायाचित्रे ज्या संपादकाला विकतो, तोच संपादक वर्तमानपत्रातून स्पायडर-मॅनवर रोज आग ओकत असतो. एका प्रसंगी पीटरला भरपूर ताप आलेला असतो, त्या अवस्थेत तो लढावयास जातो आणि शत्रू चारचौघांत त्याचा मुखवटा ओढून काढतो. परंतु असा अशक्त पोरगा खरा स्पायडर-मॅन असेल, ह्यावर कोणाचा विश्वासच बसत नाही.

ह्या सर्वांचा कळस फेब्रुवारी १९६६ च्या तेहतिसाव्या अंकात आहे. मे काकू रुग्णालयात मरणाच्या दारात आहे. पूर्वी एकदा पीटरने तिला स्वतःचे रक्त दिले होते आणि त्या रक्तातील किरणोत्सर्गानेच आता तिला घेरले आहे. म्हणजे ज्याने त्याला बळ दिले, तेच तिच्या जिवावर उठले आहे. तिला वाचविणारे औषध तो शत्रूच्या पाण्याखालील अड्ड्यातून मिळवू पाहतो आणि तेथे एका प्रचंड यंत्राखाली चिरडून अडकतो. औषधाची कुपी समोर पडली आहे, हात पोहोचेल न पोहोचेल एवढ्या अंतरावर. छतातून पाणी झिरपत आहे. डिटको ह्यांनी हा एकच क्षण जवळजवळ पाच पाने चितारला आहे. पीटर प्रयत्न करतो, यंत्र हलत नाही. पुन्हा करतो, शुद्ध हरपू लागते. तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काकू येते आणि बेन काका येतात. आपल्या हातून काका एकदा गमावले, आता काकूही जाणार, हा विचार त्याला सोसवत नाही. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात आणि शेवटी अख्ख्या पानभर एकच चित्र येते: यंत्र डोक्यावर उचलून तो उभा राहिला आहे.

कोळ्याच्या दंशाने आलेले बळ ह्या पानापर्यंत त्याला अपुरे पडलेले आहे. त्यानंतरही लढाई उरतेच; खरचटलेला, लंगडणारा पीटर ती पार पाडतो आणि औषध वेळेवर पोहोचते. तो संपादकाला छायाचित्रे विकून पैसे घेतो, रुग्णालयात जाऊन झोपलेल्या काकूला पाहतो, आणि दुखऱ्या अंगाने एकटाच घराकडे निघतो.